दारातला काळा

"लचक्यांची ना तू? मग तिथंच थांब. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही."

अनसूयाबाई पटवेकरणीनं मान वर न करताच मला हे सुनावलं. पायाच्या अंगठ्याला रेशमाचं टोक बांधून ती पट्टी विणत बसली होती आणि बोलताना तिची बोटं क्षणभरही थांबली नाहीत. भर दुपारी खोलीत अंधार होता. एकुलत्या एका खिडकीला तिनं पोतं ठोकलं होतं आणि डोक्यावर एक पिवळा बल्ब जळत होता. मी बाहेर, रविवार पेठेतल्या त्या बोळात, उघड्या गटाराच्या कडेला ऊन खात उभी.

"मी कोण ते कसं ओळखलंत?"

"नाकावरून. बापाचंच आहे. माल बघायच्या आधीच वर जातं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गरज माझी होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मला तर पाय धरायचीही सोय नव्हती, कारण तिचा एक पाय धाग्यात गुंतलेला होता.

"डिनर सूटचं काम आलंय," मी म्हणाले. "तीन सूट आहेत. कॉलरला साटीन आणि पँटच्या बाजूला पट्टी. खरं रेशीम पाहिजे, आणि काळं पाहिजे."

"का? मुंबईचा तो व्यापारी मेला वाटतं तुमचा?"

"दुकान बंद केलं त्यांनी."

"म्हणजे मेलाच." एवढं बोलताना तिला बरं वाटलेलं मला दिसलं. "बापानं पाठवलं?"

"नाही. अण्णांना माहीत नाही मी इथं आलेय ते."

आता कुठं तिनं वर पाहिलं. साठीची, वाळकी, पण डोळे असे की समोरच्याचा टाका न टाका उसवून बघतील.

"चोरून आलीस तर," ती म्हणाली. "बरं झालं. निदान त्या घरात एकाला तरी लाज आहे."

तिचं आणि आमचं वैर सगळ्या कॅम्पाला माहीत होतं. कॅम्पात आमचं दुकान होतं, 'लचके बंधू, सूट स्पेशालिस्ट'. बंधू म्हणजे माझे वडील, अण्णा, आणि त्यांचा धाकटा भाऊ मुकुंदकाका. अण्णा कापायचे आणि काका गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. त्या काळी रेशमी काम अनसूयाबाईकडूनच यायचं. पांढरं साटीन आणि धागा आणून ती स्वतःच काळा रंगवायची आणि त्याच धाग्याची पट्टी विणायची. एकदा अण्णांनी तिची पट्टी दुकानाच्या दारात नेऊन उन्हात धरली आणि ती त्यांना निळसर दिसली. "काळ्याच्या नावावर निळं खपवतेस?" म्हणून त्यांनी सगळा गुंडा पायरीवरून रस्त्यात भिरकावला. त्यावरून एक टांगा गेला. बाजारभर माणसं बघत होती. बाई खाली वाकली, पट्टी झटकून पदरात गुंडाळली आणि एक अक्षर न बोलता निघून गेली.

या गोष्टीला तप उलटून गेलं, तरी आमच्या घरात तिचं नाव 'ती चोरटी' असंच होतं. "ती माल अंधारात का दाखवते, कळतंय ना?" अण्णा म्हणायचे. "हातच्या काकणाला आरसा कशाला? दारात न्या, उन्हात धरा." हा दुकानाचा कायदाच होऊन बसला. दोऱ्यापासून बटणापर्यंत प्रत्येक रंग दारात जाऊन, सूर्याला साक्षी ठेवून जुळायचा. पुढं मधुमेहानं अण्णांची नजर गेली, तरी कायदा राहिला. त्यांच्या डोळ्यांच्या जागी मी उभी राहिले एवढंच.

मी तेव्हा नवऱ्याचं घर कायमचं सोडून आले होते. अण्णा बोटांनी कापड चाचपायचे, तोंडानं सांगायचे, आणि मी कात्री चालवायची. मला कोट कापता यायला लागला आणि मुकुंदकाकाच्या पोटात दुखायला लागलं. त्या टेबलाशी त्याला त्याचा जावई रमाकांत उभा करायचा होता. रमाकांत उंच होता. एके दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तर कापायच्या टेबलाच्या चारी पायांखाली विटा. "मला वाकावं लागतं हो," रमाकांत हसत म्हणाला. विटा मी काढल्या नाहीत. पाटावर उभी राहून कापत राहिले, पण ते हसणं लक्षात ठेवलं.

अशात मिनेझिस साहेबांचं काम आलं. त्यांच्या मुलाचं लग्न होतं. साहेब, नवरदेव आणि त्याचा बेस्टमन, असे तीन डिनर सूट. नमुना म्हणून त्यांनी आपल्या वडिलांचा जुना कोट ठेवला.

"असा दिसला पाहिजे," ते म्हणाले. "माझे पप्पा हॉलमध्ये शिरले ना, की बाकीचे सगळे वेटर वाटायचे."

मी सवयीनं तो कोट दारात नेला. कॉलरचं साटीन उन्हात किंचित निळं मारत होतं. "जुना झाला, रंग उडाला," काका म्हणाला, आणि कधी नव्हे ते मला त्याचं म्हणणं पटलं.

साहेब पायरी उतरतात न उतरतात तोच काकानं तोंड सोडलं. "बायकांनी ब्लाउज शिवावेत. डिनर सूट म्हणजे काय पोळ्या लाटायच्या आहेत?"

अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उसळले. "कुमूच कापेल!"

"आणि काम परत आलं तर?"

"परत आलं तर माझा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर. नाही आलं, तर तुझा जावई या दुकानात दिसायचा नाही."

काका याचीच वाट बघत होता. त्यानं त्याच पावली शेजारच्या चष्मेवाल्याला साक्षीला बोलावून आणलं. रागाच्या भरात अण्णांनी माझा सगळा जन्मच डावावर लावला होता. ते दुकान सोडलं तर मला दुसरं दार नव्हतं. खरं रेशीम मिळवायलाही मला एकच दार ठाऊक होतं, आणि त्या दाराबाहेर मी गटाराच्या कडेला उभी होते.

"देईन," अनसूयाबाई शेवटी म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. बापासारखं फेकायचं झालं तर इथं येऊन माझ्या तोंडावर फेक. रस्त्यात नाही. रेशीम आहे ते."

माल घ्यायला गेले तेव्हाही तिनं मला आत घेतलं नाही. स्वतः बल्बखाली साटीन पसरून धरलं. काळं कुळकुळीत. नजर बुडून जावी असं.

"मी जरा उजेडात बघते," मी म्हणाले.

"हा उजेडच आहे."

"उन्हात म्हणते मी."

तिचे ओठ एका बाजूला सरकले. त्याला हसणं म्हणावं तर फार कडू होतं. "बघ की. घरी जाऊन बघ. बापाचा उंबरठा आहे, सूर्य काय तुमच्याच मालकीचा."

मी दुकानात आले, मिनेझिस साहेबांच्या कोटाचं कापड घेतलं आणि साटीन त्याच्यावर ठेवून दारात उन्हात धरलं. कापड काळं होतं आणि साटीन निळं. पट्टीही तशीच. मोरपंखी नव्हे, पण निळं ते निळंच.

मी वळायच्या आत काका माझ्या पाठीशी येऊन उभा होता. त्यानं एकदा मालाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि त्याचा चेहरा दिवाळीसारखा उजळला.

"अण्णा, ऐका ऐका! तुमच्या लेकीनं चोरटीकडून माल आणलाय. आणि निळा आणलाय!"

अण्णांचे आंधळे डोळे माझ्या दिशेनं वळले. "तू तिच्या दारात गेलीस?"

"गेले."

"निळा आहे?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "आहे."

"मग फेक!" ते ओरडले. "फेक रस्त्यात! तिच्यायला, सुंभ जळला तरी पीळ जात नाही रांडेचा!"

रमाकांत आतून एक पुडकं घेऊन आला. हा बाबा त्याच्या ओळखीनं मुंबईहून आधीच साटीन आणून बसला होता. मी तोंडावर पडणार याची दोघांनाही इतकी खात्री होती. त्यानं ते कापडाशेजारी धरलं. उन्हात दोन्ही काळे असे एकजीव झाले की कापड कुठं संपतं आणि साटीन कुठं सुरू होतं ते कळेना. तेही रेशीमच होतं, शंका नको.

"हे घेऊन जा तिला दाखवायला," काका तो तुकडा माझ्या पिशवीत कोंबत म्हणाला. "काळा म्हणजे काय असतो ते कळू दे म्हातारीला. आणि आल्यावर टेबल रिकामं कर."

मी साहेबांच्या कोटाची कच्ची शिवलेली पुढची बाजू, तो मुंबईचा तुकडा आणि तिचा सगळा माल पिशवीत भरला आणि तरातरा निघाले. वाटेत मी तिला द्यायच्या शिव्या जुळवत होते. आईवरून, बापावरून, निपुत्रिकपणावरून. आज सांगायला लाज वाटत नाही, तेव्हाही वाटली नव्हती.

तिच्या दाराशी थांबलेच नाही. उंबरा ओलांडून सरळ आत शिरले.

"बाहेर हो!" ती किंचाळली.

"नाही होत! तपभर डूख धरून बसलीस आणि चावलीस कुणाला? मला! मी काय केलं होतं तुझं?" तुम्हीवरून मी कधी तूवर आले ते माझं मलाच कळलं नाही. "अण्णा म्हणत होते तेच खरं. चोरटी आहेस तू. अंधारात बसून लोकांच्या गळ्यात निळं मारतेस!"

"मग फेक," ती म्हणाली. आवाज एकदम थंड झाला होता. "सांगितलं होतं ना? माझ्या तोंडावर फेक."

"फेकतेच. पण आधी डोळे उघडून बघ!"

तिची लबाडी तिच्याच जागेत उघडी पाडायची म्हणून मी कोटाची बाजू तिच्या चटईवर पसरली. एका बाजूला काकानं दिलेला मुंबईचा तुकडा ठेवला, दुसऱ्या बाजूला तिचं साटीन. "बघ, हा काळा," मी मुंबईच्या तुकड्यावर बोट आपटून म्हणाले, "आणि हा..."

मी खाली वाकून पाहिलं.

बल्बच्या पिवळ्या उजेडात मुंबईचं साटीन तांबूस दिसत होतं. चहाचा गाळ वाळल्यावर दिसतो तसं, मळकट. आणि तिचं साटीन कोटाच्या कापडावर असं बसलं होतं की खुद्द कापडच त्याच्यापुढं जुनं वाटावं. निळ्याचा मागमूस नाही. मी तुकडा उचलला, उलटा केला, जागा बदलल्या. तिची पट्टी ठेवून पाहिली. पुन्हा तेच. मग ते सगळं घेऊन मी दाराशी गेले आणि बोळातल्या उन्हात धरलं. निळं. परत आत आले. काळं. खुळ्यासारख्या मी अशा किती खेपा घातल्या असतील कोण जाणे.

ती अंगठ्याचा धागा सोडून स्वस्थ बघत बसली होती.

"दिसलं?" ती म्हणाली.

मी साटीन परत चटईवर ठेवलं.

"कधी घालतात गं हा सूट?"

"संध्याकाळी."

"कुठं?"

"हॉलमध्ये. दिव्याखाली."

"आणि तुम्ही शहाणे तो जुळवता कुठं?"

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. घाण्याच्या बैलासारखे आम्ही दुकानातले सगळे त्या दाराभोवती फिरत होतो, आणि ज्या कोटाला जन्मात ऊन लागणार नाही तो उन्हात पारखत होतो.

"काळ्याच्या आधी निळीची एक बुडी द्यायची," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याची रीत आहे. नुसता काळा दिव्याखाली मरतो, तांबडा पडतो. निळीवर चढलेला काळा दिव्याखाली जागा होतो."

"मग हे अण्णांना का नाही सांगितलंत?" माझा आवाज पुन्हा चढला. "त्या दिवशी दोन शब्द बोलला असतात तर..."

"मला विचारलं कुणी?" ती ताडकन म्हणाली. "'अनसूयाबाई, हे निळं का दिसतंय?' एवढं विचारलं असतं, तर पायरीवर बसून सांगितलं असतं. तुझ्या बापानं विचारलं नाही, निकाल दिला. वर टांगा घातला माझ्या रेशमावरून."

"टांगा त्यांनी नव्हता घातला."

"रस्त्यात त्यानं टाकलं ना?" ती पुढं वाकली. "तेव्हापासून मी एक करते. कॅम्पात मोठं लग्न असलं की हॉलसमोर जाऊन उभी राहते. लचक्यांचे कोट येतात. दिव्याखाली आले की कॉलर अशी तांबडी पडते, मळल्यासारखी. पोट भरून बघते आणि घरी येऊन जेवते."

अंगावर काटा आला माझ्या. तपभर ती बाई आमचं हसं बघून जेवत होती, आणि आम्ही तिला चोर म्हणून समाधानात होतो.

"तुला आता कळलं," ती म्हणाली. "तुझं तुला कळलं, मी सांगितलं नाही. माल घेऊन जा. पुढंही देत जाईन. पण त्या घरात हे कुणाला सांगायचं नाही. तुझ्या बापाला तर नाहीच. त्यानं मला चोर समजतच मरायचं."

"हे काय वैर झालं?"

"माझं आहे, मी कसंही करीन. कबूल नसेल तर ठेव माल आणि हो बाहेर."

मला तो माल हवा होता. मी कबूल म्हणाले.

"आणि आत आलीस ते आलीस," मी पिशवी भरत असताना ती म्हणाली, "पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही."

दुकानात येऊन मी पाटावर उभी राहिले आणि तेच साटीन कापायला घेतलं. मला वाटलं होतं काका आरडाओरडा करील. त्यानं केला नाही. त्यानं बघितलं की मी निळंच लावतेय, रमाकांतला डोळ्यानं खुणावलं, आणि दोघंही चहा प्यायला निघून गेले. मी खड्ड्यात चाललेय आणि वाटेत आपण आडवं येऊ नये, एवढी अक्कल दोघांनाही होती.

अण्णांनी मात्र हात पुढं केला. मी पट्टी त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी ती अंगठ्याखालून सरकवली, पुन्हा सरकवली.

"वीण तिचीच आहे."

"हो."

"एक गाठ नाही. हात आहे चोरटीला." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "दुसरी दिली तिनं? काळी?"

बल्ब समोरच होता. नुसतं बटण दाबायचं आणि म्हणायचं, अण्णा, चूक आपली होती. पण त्यांना बटणही दिसणार नव्हतं आणि बल्बही. शिवाय मी शब्द दिला होता.

"काळी आहे," मी म्हणाले.

"दम दिलास ना? असंच पाहिजे. भ्यायली." ते खूश झाले. मी सुईत दोरा ओवायचं निमित्त करून मान खाली घातली.

मिनेझिस साहेब सूट न्यायला आले ते ऐन दुपारी. काकानं माझ्या हातातून कोट जवळजवळ हिसकावला आणि दारात नेला. चष्मेवाला आपल्या दुकानातून मान काढून तयारच होता.

"बघा साहेब," काका म्हणाला, "नीट उन्हात बघा. मागून बोल नको."

साहेबांनी कॉलर उन्हाकडं वळवली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ब्लू आहे हे."

"मी पहिल्यापासून सांगत होतो साहेब! पण बाईमाणसाचा हट्ट. मुंबईचं अस्सल काळं आहे आमच्याकडं, रात्रीत बदलून देतो. तिच्या कामाचं काही मनावर घेऊ नका, यापुढं आमचे जावईच..."

सांगता येत नव्हतं, आणि गप्प बसले तर सगळं संपत होतं. मी आत गेले, खुंटीवरचा त्यांच्या वडिलांचा जुना कोट आणला आणि काही न बोलता त्याच उन्हात, नव्या कोटाला लावून धरला.

दोन्ही कॉलरी सारख्या. तेच निळं.

साहेब बघतच राहिले. त्यांनी जुन्या कॉलरीवरून हात फिरवला, मग नव्या. "पप्पांचा कोट मी दिवसा कधी बघितलाच नव्हता," ते हळू आवाजात म्हणाले. "रात्रीचाच घालायचे ते." मग माझ्याकडं वळले. "सेम आहे. एकदम सेम. पॅक करा, बाई."

गाडी वळून गेली तसा काका माझ्यावर धावून आला. "जुन्या कोटाच्या उडालेल्या रंगाशी जुळवलंस! लबाड कुठली! त्या साहेबाला कळलं नाही, मला कळत नाही वाटतं?"

त्याला तेवढंच कळलं होतं. दोन्ही कोट त्यानं उन्हात शेजारी शेजारी पाहिले होते, साहेब 'रात्रीचा' म्हणून गेले होते, तरी त्याला तेवढंच कळलं.

"हो," मी म्हणाले. "तसंच समजा."

"लग्नात हसं होईल, तेव्हा परत येतील सूट. थांब तू."

लग्नाच्या दिवशी दिवेलागणीला मी हॉलसमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. मलाच माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. दारावर झुंबरं लावलेली, बँड वाजत होता. पाहुणे उतरत होते. त्यांत दोघांच्या अंगावर आमच्याच दुकानातले जुने कोट होते, ते मी कापावरून ओळखले. दिव्याखाली त्यांच्या कॉलरी तांबूस, मेणचटलेल्या दिसल्या. याच कोटांचा अण्णांना अभिमान होता. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर ते कळेना.

मग मिनेझिस साहेब उतरले, मागं नवरदेव. माणसांनी वाट सोडली. त्या दोघांच्या अंगावरचा काळा असा होता की पलीकडचे सगळे खरंच वाढपी वाटायला लागले.

मी मोठा श्वास घेतला आणि बाजूला बघितलं. चार हातांवर, भेळेच्या गाडीआड, अनसूयाबाई उभी होती. तिनंही मला पाहिलं. आम्ही दोघी दोन बाजूंनी घरी गेलो.

काम परत आलं नाही. चष्मेवाल्यापुढं दिलेला शब्द काकाला गिळता येईना. त्यानं आपला हिस्सा मोडून घेतला आणि चार दुकानं सोडून जावयासह स्वतःचं दुकान थाटलं. मी टेबलाखालच्या विटा काढून गटारात टाकल्या.

अण्णा पुढं काही वर्षांनी गेले. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "त्या चोरटीला सरळ केलंस तू. मला नाही जमलं." मी हो म्हणाले. आयुष्यात दुसरं कुठलंच हो मला इतकं जड गेलं नाही. अनसूयाबाईनं मरायच्या आधी निळीची बुडी कशी द्यायची ते मला दाखवलं, मला उंबऱ्याबाहेर उभं करून.

काकाही गेला. त्याच्या दुकानात अजून माल दारात नेऊन उन्हात बघतात. माझ्या दुकानातून ते रोज दिसतं.

परवा रमाकांत आला. केस पांढरे झालेत, उंची वाकलीय. पायरीच्या खालीच उभा राहिला. म्हणाला, "कुमुदताई, आता आपलं काय वैर राहिलंय? एक विचारतो, राग मानू नका. संध्याकाळच्या कपड्याचं गिऱ्हाईक आमच्याकडं एकदा येतं ते पुन्हा येत नाही. तुमचा काळा कसा काय जमतो? आमचं काय चुकतं?"

त्यानं विचारलं होतं. हात जोडून, सरळ विचारलं होतं. विचारलं असतं तर पायरीवर बसून सांगितलं असतं, असं ती म्हातारी म्हणाली होती.

मी कात्री खाली ठेवली आणि त्याच्याकडं बघून हसले.

"दारात नेऊन बघत जा," मी म्हणाले. "भर उन्हात."